गाळलेल्या जागा भरा: एका संदेशसेवेच्या एपीआय डॉक्युमेंटेशनचे परीक्षण

गेल्या सहा आठवड्यांत आमच्या चमूने एका संदेशसेवेचे एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने तिच्याशी बोलण्याचा ठरलेला मार्ग) वापरून स्मरणसंदेश पाठवण्याची व्यवस्था उभी केली. ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशी ग्राहकाच्या मोबाइलवर एक छोटा संदेश जावा आणि तो पोहोचला की नाही हे आमच्या नोंदीत दिसावे, एवढेच काम होते. सेवेबद्दल तक्रार नाही. संदेश वेळेवर जातात आणि सर्व्हर क्वचितच बंद असतो. हे परीक्षण तिच्या डॉक्युमेंटेशनचे आहे, कारण त्या सहा आठवड्यांपैकी जवळजवळ अडीच आठवडे कोड लिहिण्यात गेले नाहीत, तर डॉक्युमेंटेशनमध्ये काय चुकीचे लिहिले आहे आणि काय लिहायचेच राहिले आहे, हे शोधण्यात गेले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही. आम्हाला आढळलेले दोष या एकाच सेवेचे नाहीत, आणि ज्यांना अशा एखाद्या सेवेशी आपला प्रोग्राम जोडायचा आहे त्यांना नावापेक्षा दोषांचा प्रकार अधिक उपयोगी पडेल.

प्रथमदर्शनी हे डॉक्युमेंटेशन उत्तम वाटते आणि तसे वाटण्यास कारणही आहे. डाव्या बाजूला विषयांची नेटकी यादी, मधल्या भागात स्पष्टीकरण आणि उजवीकडे पाच भाषांतील नमुना कोड अशी मांडणी आहे. एपीआय की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) कशी मिळवावी, ती कोणत्या हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) पाठवावी आणि फुटली तर रद्द कशी करावी, हे सांगणारे पान तर इतके नेमके आहे की नवख्या सहकाऱ्याने पहिला संदेश वीस मिनिटांत पाठवला. शोधाची सोयही चांगली आहे. अडचण पहिल्या संदेशानंतर सुरू झाली, कारण लिहिणाऱ्याने सगळे काही सुरळीत पार पडते असे गृहीत धरूनच पाने लिहिली आहेत आणि बिनसल्यावर काय होते हा विषय शेवटी एका तक्त्यात उरकला आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घातली. पानाचे नाव, त्यातील विधान, आम्ही पाठवलेली रिक्वेस्ट आणि प्रत्यक्ष आलेला रिस्पॉन्स असे चार रकाने केले, आणि प्रत्येक विधान खरे धरण्याआधी एकदा तरी करून पाहायचे असे ठरवले. शेवटी वहीत तेवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ चुका होत्या आणि चौदा गाळलेल्या जागा. चुका लवकर सापडल्या, कारण रिस्पॉन्स लिहिल्याप्रमाणे आला नाही की त्या आपोआप उघड्या पडत. गाळलेल्या जागांचे तसे नसते. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत निदान तेथे एक रेघ आखलेली असते. येथे वाक्य पूर्ण दिसते आणि त्यातून काय गळले आहे हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे असते.

सर्वांत बोलके उदाहरण संदेशाच्या लांबीचे आहे. पानावर एकच ओळ आहे: संदेशाची कमाल लांबी १६० कॅरेक्टर. हे विधान खोटे नाही, पण ते कोणत्या परिस्थितीत खरे आहे हे सांगितलेले नाही. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट असतात. मजकूर जीएसएम या मोबाइल नेटवर्कच्या मानकातील ७ बिटांच्या वर्णसंचात बसत असेल तर त्यात १६० कॅरेक्टर मावतात. पण त्या संचाबाहेरचे एक जरी चिन्ह आले तरी सर्वसाधारणपणे संपूर्ण संदेश १६ बिटांच्या यूसीएस-२ या संकेतनात जातो आणि मर्यादा ७० वर येते. संदेश त्याहून लांब असेल तर त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यातले ६ बाइट जोडणीच्या माहितीला लागतात, आणि मग एका तुकड्यात १६० ऐवजी १५३ किंवा ७० ऐवजी ६७ एवढेच उरतात. यातले एक अक्षरही त्या पानावर नाही. आमचा ११२ कॅरेक्टरचा इंग्रजी संदेश दोन तुकड्यांत जाऊ लागला आणि हिशेबात दुप्पट धरला जाऊ लागला, तेव्हा आम्ही दीड दिवस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी कारण निघाले ते मजकुरातले एक वळणदार अवतरणचिन्ह. संदेशाचा मसुदा वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिला होता आणि त्याने सरळ चिन्हाच्या जागी परस्पर वळणदार चिन्ह घातले होते. ते जीएसएमच्या मूळ वर्णसंचात नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यासाठी हाच प्रश्न आणखी एक पायरी खोल जातो, कारण कॅरेक्टर म्हणजे नेमके काय मोजायचे हेही पानावर सांगितलेले नाही. ‘अक्षर’ हा शब्दच घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात अ, क, हलन्त, ष आणि र अशी पाच चिन्हे होतात आणि मर्यादा त्या पाचांना लागते. इमोजी असेल तर बहुतेक वेळा त्या एका चित्रासाठी १६ बिटांची किमान दोन एकके लागतात. ज्या सेवेने जगभरातील भाषांत संदेश पाठवता येतात असे मुखपृष्ठावर ठळक लिहिले आहे, तिच्या डॉक्युमेंटेशनने मोजणी मात्र फक्त इंग्रजीची सांगावी, हे पटण्यासारखे नाही.

याहून गंभीर गाळलेली जागा टाइमआउटच्या संदर्भात होती. संदेश पाठवण्याची रिक्वेस्ट पोस्ट पद्धतीची, म्हणजे सर्व्हरकडे नवे काम सोपवणारी, आहे. आपण ती पाठवली, दहा सेकंद वाट पाहिली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर संदेश गेला असे समजायचे की नाही? पुन्हा पाठवावा तर ग्राहकाला एकच संदेश दोनदा जाण्याची शक्यता, आणि न पाठवावा तर तो अजिबात न जाण्याची शक्यता. एचटीटीपीच्या (वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमांच्या) मानकात गेट, पुट आणि डिलीट या पद्धती पुन्हा पुन्हा वापरल्या तरी अपेक्षित परिणाम एकदा वापरल्यासारखाच राहतो, असे ठरलेले आहे. पोस्टला तशी हमी नाही. म्हणूनच पोस्टच्या बाबतीत सेवेने स्वतःचा नियम स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. डॉक्युमेंटेशनमध्ये या विषयावर एवढेच वाक्य आहे की नेटवर्कमध्ये अडथळा आल्यास रिक्वेस्ट पुन्हा पाठवावी. आम्ही भाबडेपणाने ते ऐकले आणि चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात सतरा जणांना एकच स्मरणसंदेश दोनदा गेला.

उत्तर शेवटी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. सेवेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या क्लायंट लायब्ररीचा (एपीआय वापरण्यासाठी तयार दिलेल्या कोडच्या संचाचा) कोड उघडून वाचला, तेव्हा ती प्रत्येक पोस्ट रिक्वेस्टसोबत एका हेडरमध्ये स्वतंत्र ओळखक्रमांक पाठवते आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच क्रमांक वापरते, असे दिसले. तो क्रमांक आपण पाठवला की सर्व्हर दुसरी रिक्वेस्ट ओळखतो, नवा संदेश न पाठवता पहिल्या वेळचाच रिस्पॉन्स परत देतो. म्हणजे सोय होती, व्यवस्थित चालत होती आणि सेवेच्या अभियंत्यांना तिची गरजही ठाऊक होती. फक्त डॉक्युमेंटेशनमध्ये त्या हेडरचे नाव कोठेही नव्हते. ज्यांनी लायब्ररी न वापरता थेट एपीआयशी बोलायचे ठरवले, त्यांच्यासाठी ती सोय अस्तित्वातच नव्हती. तो क्रमांक सर्व्हर किती काळ लक्षात ठेवतो हे लायब्ररीच्या कोडमधूनही कळत नाही. एक तास, सहा तास, चोवीस तास असे अंतर ठेवून आम्ही करून पाहिले. चोवीस तासांनंतर पाठवलेली रिक्वेस्ट नवी समजली गेली. नेमकी सीमा सहा आणि चोवीस तासांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि ज्या गोष्टीवर दुहेरी संदेश जाणे न जाणे अवलंबून आहे ती अशी अंदाजाने ठरवावी लागणे बरे नव्हे.

वेळेच्या फील्डची कथा त्यामानाने छोटी आहे. संदेश कधी पाठवायचा ती वेळ आयएसओ ८६०१ नुसार द्यावी असे लिहिले आहे आणि नमुन्यात तारीख व वेळ आहे, पण यूटीसीपासूनचे (जागतिक प्रमाणवेळेपासूनचे) अंतर दिलेले नाही. आयएसओ ८६०१ मध्ये असे अंतर न देण्याची मुभा आहे आणि तशी वेळ स्थानिक समजली जाते. इंटरनेटवरील वेळेसाठी २००२ मध्ये निघालेल्या आरएफसी ३३३९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) मात्र ते अंतर सक्तीचे आहे. प्रश्न एवढाच उरतो की स्थानिक म्हणजे कोणाच्या ठिकाणची: पाठवणाऱ्याच्या, सर्व्हरच्या की संदेश घेणाऱ्याच्या? प्रयोगाअंती कळले की खाते उघडताना निवडलेल्या वेळपट्ट्यानुसार ती धरली जाते, आणि ती निवड डॅशबोर्डच्या तिसऱ्या पानावर एका कोपऱ्यात आहे. नमुन्यातल्या वेळेपुढे यूटीसीपासूनचे अंतर लिहिले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

नमुने हा खरोखर वेगळाच विषय आहे. बहुतेक वाचक स्पष्टीकरण वाचत नाहीत, नमुना उचलतात आणि आपल्या कोडमध्ये चिकटवतात. मीही त्यांतलाच एक आहे. त्यामुळे नमुन्यातली छोटीशी गफलत शेकडो प्रोग्रामांत जाऊन बसते. येथे संदेशाचा ओळखक्रमांक पूर्णांक असल्याचे सांगितले आहे आणि नमुन्यात १२३४५ असा साधा आकडा आहे. प्रत्यक्षात येणारे क्रमांक एकोणीस अंकी आहेत. जावास्क्रिप्टमधील नेहमीच्या संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच्या पूर्णांकांसाठीच भरवशाच्या असतात. त्यापुढे शेवटचे अंक बदलू लागतात. उदाहरणार्थ, ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा वाचला की त्याचा ९००७१९९२५४७४०९९२ होतो, आणि प्रोग्राम कोणतीही कुरकुर करत नाही. आमच्याकडे एका संदेशाच्या स्थितीची चौकशी केली की तो संदेश अस्तित्वात नाही असे उत्तर येई, कारण आम्ही विचारत होतो तो क्रमांक खरोखरच अस्तित्वात नव्हता. हा ‘ध’ चा ‘मा’ आमच्याच हातून, पण त्या १२३४५ च्या भरवशावर झाला.

वेबहूकच्या सहीचा नमुनाही असाच फसवा आहे. संदेश पोहोचल्याची वर्दी आपल्या सर्व्हरवर येते (तिलाच वेबहूक म्हणतात) तेव्हा ती खरोखर त्याच सेवेकडून आली आहे, याची खात्री करण्यासाठी बॉडीवर (वर्दीच्या मूळ मजकुरावर) एचमॅक-शा-२५६ या गुप्त किल्लीच्या पद्धतीने काढलेली सही तपासायची असते. स्पष्टीकरणात बॉडी असे लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. पायथनमधील नमुना मात्र आलेला जेसन (माहिती मजकूररूपात मांडण्याचा ठरलेला साचा) आधी वाचून घेतो, पुन्हा मजकुरात बदलतो आणि त्या नव्या मजकुरावर सही काढतो. इंग्रजी संदेशांच्या बाबतीत पुन्हा रचलेला जेसन योगायोगाने मूळ बॉडीशी तंतोतंत जुळत होता. देवनागरी मजकूर असलेली पहिली वर्दी आली आणि सही चुकीची ठरली, कारण पायथनची जेसन लायब्ररी, वेगळे सांगितले नाही तर, आस्कीबाहेरची (इंग्रजीच्या मूळ वर्णसंचाबाहेरची) अक्षरे सांकेतिक आकड्यांत बदलून लिहिते. बाइट बदलले की सही बदलणारच. ज्यांचे सगळे संदेश इंग्रजीत आहेत त्यांचा कोड आजही चालत असेल आणि एखाद्या ग्राहकाच्या नावात एक अपरिचित अक्षर आले की त्या दिवशी बंद पडेल.

एरर कोडच्या तक्त्यात ४००, ४०१, ४०४ आणि ५०० एवढे चारच कोड आहेत. आम्हाला त्यांखेरीज ४०३, ४२२ आणि ४२९ मिळाले, आणि तीन वेळा तर २०० (म्हणजे ‘यशस्वी’) या कोडसह असा रिस्पॉन्स आला की ज्याच्या आत स्थिती ‘अयशस्वी’ अशी लिहिली होती. २०० पाहून पुढे जाणारा कोड अशा वेळी अपयशालाच यश समजतो. रिक्वेस्टच्या मर्यादेबद्दल दोन पानांवर दोन विधाने आहेत: एकावर मिनिटाला ६००, दुसऱ्यावर सेकंदाला १०. गुणाकार केला तर दोन्ही सारखीच वाटतात, आणि बहुधा लिहिणाऱ्यालाही ती सारखीच वाटली असावीत. पण पहिल्या नियमानुसार सहाशे रिक्वेस्ट पहिल्याच सेकंदात पाठवल्या तरी चालतात आणि दुसऱ्यानुसार अकरावीलाच ४२९ (म्हणजे ‘फार जास्त रिक्वेस्ट’) मिळतो. प्रत्यक्षात दुसरा नियम लागू आहे. ४२९ सोबत किती वेळ थांबावे हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर देता येतो. २०१२ च्या आरएफसी ६५८५ मध्ये, जेथे या कोडची व्याख्या आहे, तसे करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. ही सेवा तो हेडर कधी देते आणि कधी देत नाही. नेमका केव्हा देते, हे लिहिलेले नाही.

यांतल्या काही गोष्टी यंत्राकडून तपासून घेता येतात, आणि त्यासाठी लागणारी ओपनएपीआय फाइल सेवेने खुली ठेवली आहे, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पूर्वी स्वॅगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१६ पासून ओपनएपीआय म्हणवल्या जाणाऱ्या या पद्धतीत एपीआयचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात असते. आम्ही त्या फाइलवर आधी स्पेक्ट्रल हे तपासनीस साधन चालवले आणि नंतर सपोर्ट टीमची परवानगी घेऊन सँडबॉक्सवर (सेवेने सरावासाठी दिलेल्या वेगळ्या जागेवर) स्किमाथेसिस चालवले. वर्णनावरून शेकडो चित्रविचित्र रिक्वेस्ट तयार करायच्या आणि येणारे रिस्पॉन्स वर्णनाशी जुळतात का ते पाहायचे, हे स्किमाथेसिसचे काम. चाळीस मिनिटांत त्याने तीन दोष दाखवले. त्यांतला एक मासलेवाईक आहे: फाइलच्या पहिल्या ओळीत ओपनएपीआयची ३.१ आवृत्ती असल्याचे लिहिले आहे, पण एखादे फील्ड रिकामे येऊ शकते हे सांगण्यासाठी आत ३.० मधला ‘नलेबल’ हा शब्द वापरला आहे. तो शब्द २०२१ मध्ये आलेल्या ३.१ मधून काढून टाकण्यात आला. त्यामुळे साधने तो वाचून सोडून देतात आणि फील्ड कधीच रिकामे येणार नाही असे धरतात. आवृत्ती बदलताना कोणीतरी फक्त पहिली ओळ बदलली, हे उघड आहे.

पण अशा साधनांची मर्यादाही याच कामात लक्षात आली. वेळ कोणत्या वेळपट्ट्यातील, कॅरेक्टर म्हणजे काय, टाइमआउटनंतर काय, हे फाइलमध्येच नसेल तर साधन ते कशाशी ताडून पाहणार? आडात नाही ते पोहोऱ्यात येत नाही. वहीतल्या चौदा गाळलेल्या जागांपैकी बारा आम्ही स्वतःच वेडेवाकडे प्रश्न विचारून शोधल्या. नमुना कोडचे दोष मात्र सेवेला सहज टाळता आले असते. पायथनमध्ये डॉकटेस्ट आहे, रस्टमध्ये डॉक्युमेंटेशनमधले नमुने चाचण्यांबरोबर चालवले जातात, गोमध्ये नमुन्याखाली अपेक्षित उत्तर लिहून ते ताडता येते. नमुना स्वतः चालवून पाहण्याची रीत प्रोग्रामिंगच्या जगात जुनी आहे; येथे ती पाळली गेली नाही एवढेच.

सँडबॉक्सबद्दल एक वाक्य पुरे: तेथे प्रत्येक संदेश पोहोचतो, त्यामुळे अपयशाचा सराव तेथे करता येत नाही.

आता चुका कळवण्याच्या सोयीबद्दल. प्रत्येक पानाखाली ‘हे पान उपयुक्त वाटले का?’ असा प्रश्न आणि ‘हो’ व ‘नाही’ अशी दोन बटणे आहेत. ‘नाही’ दाबले की आभार मानले जातात आणि काय चुकले ते लिहायला जागा मिळत नाही. पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख नाही, आणि चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) एपीआयमधले बदल येतात पण डॉक्युमेंटेशनमधले येत नाहीत. आरएफसींच्या बाबतीत कोणीही चूक कळवू शकतो आणि ती नुसती कळवलेली आहे, पडताळलेली आहे, पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवलेली आहे की फेटाळलेली आहे, हे सर्वांना दिसते. त्याच्या निम्मी व्यवस्था येथे असती तरी आमची वही तिथेच लिहिली गेली असती आणि पुढच्यांना उपयोगी पडली असती.

आम्ही सपोर्टला तिकीट (तक्रारीची नोंद) पाठवले. उत्तरात आम्ही जे पान चुकीचे म्हटले होते त्याच पानाची लिंक आली. दुसऱ्यांदा लिहिले, तर पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्यांदा पद्धत बदलली: एका तिकिटात एकच मुद्दा, पानावरचे वाक्य जसेच्या तसे, आमची रिक्वेस्ट, आलेला रिस्पॉन्स, सर्व्हरने दिलेला रिक्वेस्ट क्रमांक, आणि त्याऐवजी कोणते वाक्य असावे याचा मसुदा. त्यानंतर तिकीट एका अभियंत्याकडे गेले आणि चित्र पालटले. त्यांनी प्रत्येक मुद्द्याला सविस्तर उत्तर दिले, दोन ठिकाणी आमचाच गैरसमज असल्याचे सप्रमाण दाखवले, आणि आठ दिवसांत सात दुरुस्त्या केल्या. वेबहूकचा पायथन नमुना आता मूळ बाइटांवर सही काढतो. वेळेच्या नमुन्यापुढे यूटीसीपासूनचे अंतर आले आहे. ओळखक्रमांक पूर्णांकाऐवजी मजकूर म्हणूनही मिळण्याची सोय पुढील आवृत्तीत येणार आहे, असे कळवले आहे.

तेव्हा ही सेवा घ्यावी का? थोडेच संदेश, तेही इंग्रजीत, आणि एखादा दोनदा गेला तरी बिघडत नाही अशी स्थिती असेल तर खुशाल घ्यावी. डॉक्युमेंटेशनचा पहिला अर्धा भाग तुमच्यासाठीच लिहिला आहे. संदेशांची संख्या मोठी असेल, मजकूर देवनागरीत असेल किंवा पुन्हा प्रयत्न करण्याची गरज पडणार असेल, तर सेवेची लायब्ररीच वापरावी, थेट एपीआयच्या वाटेला जाऊ नये, आणि वेळापत्रकात पडताळणीसाठी दोन आठवडे वेगळे काढून ठेवावेत. डॉक्युमेंटेशनला पाचपैकी अडीच गुण देतो. त्यांतला अर्धा त्या अभियंत्याचा आहे.

टाइमआउटच्या पानावर त्या हेडरचे नाव आता आले आहे, मात्र क्रमांक किती काळ लक्षात ठेवला जातो ते अजून लिहिलेले नाही. लांबीच्या पानावर १६० हाच आकडा कायम आहे. त्याचे तिकीट उघडेच आहे, आणि आमच्या कोडमध्ये त्या ओळीवर ७० आणि ६७ चा हिशेब समजावणारी टीप तिकिटाच्या क्रमांकासह लिहून ठेवली आहे.